‘तिलावा’वरून वाचलेल्या स्टुअर्डची नोकरी कागदोपत्री शोधताना

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या प्रवासी बोटींवर स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खाण्यापिण्याची आणि केबिनांची व्यवस्था पाहणारे नोकर, होते आणि २३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे ‘तिलावा’ ही बोट हिंदी महासागरात बुडवली गेली तेव्हा ते तिच्यावर कामावर होते, एवढी माहिती आमच्या घरात सगळ्यांना होती. त्यापलीकडे विचारले तर कोणालाच धड काही सांगता येत नसे. ते बोटीवर केव्हा लागले, कोणकोणत्या बोटींवर किती वर्षे होते, पगार किती मिळे, वाचून आल्यावर पुन्हा केव्हा गेले, याची कुठेतरी नोंद असणार हे दिसत होते. ती कुठे आणि कशी मागायची हे मात्र माहीत नव्हते. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कित्येक घरांत असा एक ‘बोटीवरचा’ आजोबा किंवा पणजोबा असतो, म्हणून मी केलेला शोध जसा घडला तसा, कंटाळवाण्या तपशिलांसह, लिहून ठेवत आहे.

आमचे घराणे गोव्यातल्या बार्देशातले, पण माझा जन्म आणि शाळा गिरगावातली. घरी कोंकणी आणि बाहेर मराठी. आजोबांना आम्ही शापाय म्हणत असू. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘तिलावा’च्या दुर्घटनेला ८० वर्षे झाली, तेव्हा मुंबईत मृतांच्या आणि वाचलेल्यांच्या वारसांचा स्मरणाचा कार्यक्रम झाला. त्याची बातमी मी नंतर वाचली. बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे वेळ होता, आणि फॉर्म भरण्याची सवयही होती.

बोटीची हकीकत थोडक्यात अशी. १९२४ साली बांधलेली सुमारे दहा हजार टनांची ‘तिलावा’ २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्किस (आताचे मापुटो) आणि दरबानकडे निघाली. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची असे ९५८ लोक होते. आय-२९ या जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो लागल्यावर बोट लगेच बुडाली नाही. लोक होड्यांत उतरले, काही जण बोट तगते आहे असे पाहून परत चढले, आणि मग दुसरा टॉर्पेडो लागला. २८० जण गेले. उरलेल्या ६७८ जणांना ‘बर्मिंगहॅम’ ही क्रूझर आणि ‘कार्थेज’ ही बोट यांनी उचलले, आणि ‘बर्मिंगहॅम’ २७ नोव्हेंबरला वाचलेल्यांना घेऊन मुंबईत आली. बोटीवर सुमारे ६० टन चांदीही होती. ती २०१७ मध्ये समुद्रतळातून काढली गेली आणि ती काढल्याच्या मोबदल्याचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे २०२४ मध्ये निकाल लागला. चांदीच्या २,३६४ लाद्या होत्या हे त्या निमित्ताने जगाला समजले. सलूनमध्ये, म्हणजे बोटीवरच्या प्रवाशांच्या भोजनगृहात, वाढपी किती होते, हे शोधायला मला बराच काळ लागला आणि त्याचे पुरते उत्तर अजूनही हाती नाही.

पहिले पाऊल घरातच टाकायचे असते. आईचे थोरले भाऊ म्हापशाला राहतात. २०२३ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे जाऊन आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली. तीत त्यांची नळी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीचे डिस्चार्ज पुस्तक, मेणकापडात गुंडाळून ठेवलेली होती. ज्यांच्या घरी नळी आहे त्यांचा अर्धा शोध झाला असे समजावे, कारण तीत प्रत्येक फेरीसाठी एक ओळ असते: बोटीचे नाव, तिचा अधिकृत क्रमांक, कामावर घेतल्याची तारीख व ठिकाण, सोडल्याची तारीख व ठिकाण, हुद्दा, आणि कामाबद्दल व वर्तणुकीबद्दल दोन शिक्के. आजोबांच्या पानांवर ‘व्हेरी गुड’चे निळसर शिक्के एकाखाली एक असे इतके आहेत की ते वाचण्याऐवजी त्यांच्यामधली तारीख वाचायची सवय करावी लागते. पुस्तकाची सगळी पाने, कोरी धरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवावीत. कोऱ्या वाटणाऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहिलेले असू शकते.

आमच्या नळीची अडचण अशी होती की ती १९४३ च्या आरंभी सुरू होत होती. आजोबांचा जन्म १९०८ चा, आणि बोटीवर ते विशीच्या आत लागले असे मामा सांगत. मग आधीची पंधरा-सोळा वर्षे कुठे गेली? याचे उत्तर पहिल्याच पानावर होते. आधीचे पुस्तक ‘तिलावा’बरोबर गेल्याची नोंद तिथे होती. बोटीवर चढताना नोकराचे पुस्तक कप्तानाच्या ताब्यात द्यावे लागे आणि फेरी संपल्यावर ते शेरा मारून परत मिळे, त्यामुळे बोट बुडाली की माणूस वाचला तरी त्याची नोकरी कागदावरून पुसली जाई. युद्धकाळातल्या कोणाच्या नळीत सुरुवातीची वर्षे दिसत नसतील, तर प्रथम हे तपासावे.

ट्रंकेत आणखी एक कागद निघाला: हरवलेल्या सामानाच्या भरपाईसाठी केलेल्या अर्जाची कार्बन प्रत. टाइप केलेली यादी आहे. पांढरे कोट, पांढऱ्या विजारी, काळे बूट एक जोड, कॅनव्हासचे बूट एक जोड, गणवेशाची बटणे, घोंगडी, वस्तरा, पत्र्याची पेटी, जपमाळ. प्रत्येक वस्तूपुढे रुपये-आणे. बटणांची किंमत वेगळी लावलेली पाहून मी थोडी थबकले. गणवेशाचे कोट सलूनच्या नोकरांना स्वतः सांभाळावे, धुवावे, खळ देऊन कडक करावे लागत, आणि पितळी बटणे धुण्याआधी काढून पुन्हा लावली जात, हे मामांनी सांगितले तेव्हा ती ओळ समजली.

आजोबांच्या कामाविषयी मामांना जे आठवत होते ते मी त्याच वेळी लिहून घेतले, आणि हा सल्ला मी सर्वांत आधी देईन: कागद शंभर वर्षे थांबतात, माणसे थांबत नाहीत. ब्रिटिश बोटींवर डेक आणि इंजिन या खात्यांत कोकण, काठेवाड, पंजाब, सिल्हेट अशा ठिकाणची माणसे असत, आणि सलूनमध्ये बहुधा गोंयकार. सुरुवात जनरल सर्व्हंट म्हणून होई, मग स्टुअर्ड, आणि नशीब असेल तर बटलर. पहाटे केबिनांमधून छोटी हाजिरी, म्हणजे चहा आणि हलके खाणे, दाराबाहेर ठेवलेले बूट पॉलिश करून जागच्या जागी, नाश्ता, चांदीची भांडी आणि पितळ घासणे, टिफिन, दुपारचा चहा, जेवणाची घंटा आणि रात्रीचे जेवण. शेवटचा प्रवासी उठेपर्यंत पँट्री बंद होत नसे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की टेबलांच्या कडांना लाकडी पट्ट्या बसवत आणि टेबलक्लॉथ पाण्याने ओला करत, म्हणजे ताटल्या सरकत नाहीत. आजोबा घरीसुद्धा नाताळच्या जेवणाला टेबलक्लॉथवर हलकेच पाणी शिंपडत आणि आजी दरवर्षी त्यांच्यावर ओरडत असे. बुडण्याच्या रात्रीबद्दल ते जवळजवळ बोलत नसत. होडीत पाण्याचे पिंप होते, त्यातून माप भरून प्रत्येकाला पाणी देण्याचे काम त्यांच्याकडे आले, कारण ते स्टुअर्ड होते, एवढेच मामांना ठाऊक होते.

यानंतर मी मुंबईतल्या आमच्या गावाच्या कुडीत गेले. गोव्याच्या गावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या या क्लबांपैकी कित्येक धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास आहेत: भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकवायचे नाही हा नियम. बोटीची वाट पाहणारी माणसे इथे नाममात्र भाड्याने राहत. जुनी वही मिळेल याची खात्री नव्हती. सेक्रेटरींनी आधी पत्र मागितले, समितीच्या बैठकीपर्यंत थांबायला सांगितले, आणि पावसाळा संपता संपता दोन वह्या समोर ठेवल्या. त्यांत सदस्य आल्याची आणि गेल्याची तारीख असते. याचा उपयोग उलटा करायचा: ज्या काळात माणूस कुडीत नाही आणि गावीही नाही, त्या काळात तो बोटीवर. या रिकाम्या जागांवरून मला १९३० च्या दशकातल्या फेऱ्यांचा अंदाज आला, आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता तेही दिसले. कुडीतले मुक्काम लांब होते, काही चार-चार, पाच-पाच महिन्यांचे. सलूनच्या माणसाला करार असेल तेवढाच पगार; करार संपला की मुंबईत उतरायचे, पुढच्या बोटीसाठी खेपा घालायच्या आणि तोवर उधारीवर जगायचे. भरती मध्यस्थांच्या हातात असल्याने त्यांनाही खूश ठेवावे लागे. बोटीवरच्या नोकरीचे आयुष्य म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो, पण त्यातला मोठा भाग धोबीतलावच्या एका खोलीत गेलेला होता.

आता परदेशी कागद. ब्रिटिश बोटींच्या कर्मचारी-याद्या माणसाच्या नावाने नव्हे, तर बोटीच्या अधिकृत क्रमांकाने लावलेल्या असतात, त्यामुळे बोटीचे नाव माहीत नसेल तर शोध तिथेच थांबतो. क्रमांक मिळवण्यासाठी ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’ या संकेतस्थळावर पैसे पडत नाहीत. त्यानंतर साल पाहायचे. १८६३ ते १९३८ या काळातल्या बहुतेक याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. त्यांतल्या पाचावर संपणाऱ्या वर्षांच्या, म्हणजे १९२५, १९३५ अशा, ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये. आणि सुमारे दहा टक्के नमुन्यादाखल लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. १९३९ ते १९५० च्या याद्या क्यूलाच आहेत, युद्धकाळासाठी मुख्यतः बी.टी. ३८१ या मालिकेत. हे वाटप एकदा कागदावर लिहून समोर लावले की गोंधळ खूप कमी होतो. मी तसेच केले होते.

आजोबा ‘केनिया’ या बोटीवर होते असे मामांना आठवत होते, आणि कुडीच्या वहीत १९३७ मध्ये एक मोठी रिकामी जागा होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूफाउंडलंडला ईमेल केला. बोटीचे नाव, क्रमांक, साल आणि ‘आशियाई कर्मचाऱ्यांच्या कराराची प्रत हवी’ असे स्पष्ट लिहिले. हे लिहिणे आवश्यक आहे, कारण भारतीय नोकरांचा करार अधिकाऱ्यांच्या करारापासून वेगळा होत असे आणि नुसती ‘क्रू लिस्ट’ मागितली तर युरोपीय अधिकाऱ्यांचीच पाने येण्याचा संभव असतो. काही आठवड्यांनी उत्तर आले, पैसे कार्डाने भरले, रुपयांत अडीच-तीन हजारांपर्यंत गेले. स्कॅन केलेल्या पानावर आजोबा होते: नाव, वय, जन्मस्थान गोवा, आधीची बोट, हुद्दा जनरल सर्व्हंट, पगार महिना तीस रुपयांच्या आतला. बऱ्याच नावांपुढे अंगठा होता. त्यांच्या नावापुढे सही होती, शाळेतल्या पाटीवर गिरवावी तशी सुटी सुटी अक्षरे.

नाव मात्र मला सहज सापडले नाही, आणि यावर थोडे सविस्तर लिहायला हवे. एकाच माणसाचे नाव चर्चच्या नोंदीत पोर्तुगीज पद्धतीने, करारात इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे, आणि नळीत तिसऱ्याच स्पेलिंगने असते. शिवाय एकाच यादीत एकाच आडनावाचे आणि एकाच संताच्या नावाचे दोघे-तिघे असणे अगदी साधारण आहे. माणूस तोच, हे वय, गाव आणि ‘आधीची बोट’ हा रकाना एकत्र जुळवून ठरवायचे. त्यासाठी जन्मतारीख पक्की लागते. गोव्यात नागरी जन्मनोंद १९१४ पासून सुरू झाली, त्यामुळे १९०८ च्या माणसासाठी बाप्तिस्म्याची नोंद हाच पुरावा. आम्हाला ती गावच्या चर्चमधून, पाद्री भल्या स्वभावाचे असल्याने, एका सकाळीच मिळाली. विशेष म्हणजे इंग्रजी कागदांवर आजोबा पोर्तुगीज प्रजाजन म्हणून येतात, तेव्हा फक्त ‘भारतीय’ असे शोधून थांबू नये.

क्यूची पद्धत वेगळी आहे. तिथे आधी ‘पेज चेक’ मागवावा लागतो. मला त्याचे आठ-नऊ पौंड पडले आणि ते परत मिळत नाहीत. मग फाइलमध्ये किती पाने आहेत आणि प्रतींचा खर्च किती, हे कळवतात. मी १९३९ नंतरच्या दोन फेऱ्यांसाठी अर्ज केले. एका फेरीचा आशियाई करार जोडलेलाच नव्हता, दुसऱ्या फेरीचा होता. त्या दुसऱ्या करारात पगाराचा आकडा १९३७ पेक्षा वाढलेला दिसतो, आणि ते साहजिक होते: १९३९ च्या अखेरीस, युद्ध सुरू होताच, भारतीय खलाशांनी ब्रिटिश बंदरांत आणि इतरत्र मोठे संप केले होते आणि त्यानंतर पगार वाढवावे लागले. तरीही तो ब्रिटिश नोकराच्या पगाराचा एक लहान हिस्साच होता. या सगळ्याला मला साडेचार हजार रुपयांच्या आसपास खर्च आला आणि २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ‘बर्मिंगहॅम’ची रोजनिशी एडीएम ५३ या मालिकेत असते, ज्यांना सुटकेचे दिवस तासागणिक हवे आहेत त्यांनी ती मागवावी. मी मागवली नाही. मला त्या रात्रीपेक्षा आधीच्या पंधरा वर्षांची ओढ लागली होती.

मुंबईतला सरकारी टप्पा सर्वांत रेंगाळला. खलाशांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात मला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यात आले, अर्जाची पोच मिळाली नाही, आणि पुढच्या वेळी ‘आधीचा अर्ज कुठे आहे’ असे विचारले गेले. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. इथे एक सूचना उपयोगी पडेल. ‘माझ्या आजोबांची नोंद द्या’ एवढेच लिहू नये. कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या कार्यालयात आहेत, कोणत्या अन्यत्र सोपवल्या आणि कोणत्या नष्ट केल्या, त्याचे आदेश कोणते, असे विचारावे. मला आलेल्या उत्तरात स्वातंत्र्यापूर्वीच्या वह्या उपलब्ध नसल्याचे होते. निराशा झाली, पण लेखी नकार हातात असला की त्या दारावर पुन्हा जावे लागत नाही.

त्या उन्हाळ्यात मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होमला जाऊन आले. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांत गेलेल्या भारतीय खलाशांची स्मृती तिथे जपली आहे. ‘तिलावा’च्या मृतांत २८ जण कर्मचारी होते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर अशा खलाशांची नावे विनामूल्य शोधता येतात, आणि काही नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. आजोबांच्या कुडीतल्या कोणाचे नाव त्यांत आहे का, हे मी वहीशी ताडून पाहिले. एक जुळले. त्या कुटुंबाचा पत्ता लागलेला नाही, म्हणून नाव इथे लिहीत नाही.

‘तिलावा’नंतरचा भाग सोपा होता, कारण नळी होती. १९४३ च्या आरंभी, म्हणजे होडीतून बाहेर आल्यावर काही महिन्यांतच, ते पुन्हा त्याच कंपनीच्या बोटीवर चढलेले दिसतात; पुढे मुंबई–सेशेल्स–मोंबासा–दरबान मार्गावरच्या ‘कंपाला’वर वर्षानुवर्षे, म्हणजे ज्या पाण्यात ‘तिलावा’ गेली त्याच वाटेने. भीती वाटली नसेल का, असे मी मामांना विचारले. ते म्हणाले, “अगो, घरात पाच पोरां आशिल्लीं,” म्हणजे घरात पाच मुले होती. बटलरचा हुद्दा १९५६ मध्ये मिळाला. शेवटचा डिस्चार्ज १९६८ चा आहे. १९६० च्या दशकात नोकरीत असलेल्यांसाठी सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड हा आणखी एक मार्ग उघडतो. त्याचा कायदा १९६६ चा. तिथे चौकशी करताना नळीचा क्रमांक, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे ओळखपत्र जवळ ठेवावे.

सगळ्या प्रतींचा एक संच मी कुडीत दिला आणि अधिकृत क्रमांक कसा शोधायचा ते सेक्रेटरींना संगणकावर दाखवले. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. गावातले दुसरे एक कुटुंब आपल्या वडिलांची नळी घेऊन आले होते, तिची पहिली दोन पाने वाळवीने खाल्लेली आहेत आणि पहिली वाचता येणारी फेरी १९५१ ची आहे. १९५१ ते १९७६ च्या बहुतेक याद्या पुन्हा न्यूफाउंडलंडलाच आहेत, तेव्हा त्यांचा ईमेल तिथे जाईल. मसुदा मी करून दिला आहे आणि नावाची चार स्पेलिंगे त्यात सुरुवातीलाच लिहिली आहेत.